रिकाम्या टाकीचा आवाज

गेल्या एप्रिलात कोरगावच्या आमच्या गॅरेजसमोर एक मोटरहोम येऊन थांबलं. पुण्याचं निवृत्त जोडपं. ओटा, पलंग, पाण्याची टाकी, सगळा संसार गाडीत. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवलं की खडखड येते, म्हणाले. दोन गॅरेजांत दाखवलं, पण तिथे नेमकी गप्प. एकाने तर न ऐकताच इंजिन उघडूया म्हटलं.

“म्हापशात म्हणाले, कोरगावच्या मेस्तांकडे जा. ते कानाने ओळखतात.”

हे ऐकून मी नेहमीसारखा मान खाली घालून हसलो. खरं तर डिचोलीच्या खाणीवर डंपर दुरुस्त करता करता माझे कान गेले. पूर्ण नव्हेत. बोलणं कळतं, इंजिनाचा जाड आवाज कळतो. बारीक खडखड मात्र अजिबात नाही. खाण बंद पडल्यावर गॅरेज घातलं, तेव्हापासून हे फक्त बायकोला ठाऊक. गिऱ्हाईक आलं की ती चहा घेऊन यायची, कप ठेवता ठेवता ऐकायची. ती आत गेली की मी पाना आणायच्या निमित्ताने तिच्या मागे. ती सांगायची तेच मी बाहेर येऊन, बोनेटवर बोटं वाजवत सांगायचो. लोक माझं नाव घ्यायचे. मी घेऊ द्यायचो.

त्या दिवशीही चहा आला, आणि पाठोपाठ मी आत.

“इंजिन न्हय,” ती म्हणाली. “टेंपोत रिकामी कळशी वाजता, तसां वाजता. पाणी खंय भरतत, विचारा.”

विचारलं. त्या बाई म्हणाल्या, “नळ दिसेल तिथे. गॅरेजात पोचलं की मी आधी टाकीच भरून घेते. आज तुमच्या नळाला पाणी नव्हतं.”

म्हणजे टाकी भरली की गाडी गप्प. मी गाडीखाली शिरलो. टाकी धरणारी लोखंडी पट्टी एका बोल्टावर सैल झाली होती. टाकीचं वजन नसलं की ती थरथरत सायलेन्सरच्या नळीवर आपटायची. थरथर हाताला कळली. पट्टी दाबून धरली, पण आवाज थांबला की नाही ते मला कसं कळणार?

“थांबला!” वरून ते गृहस्थ म्हणाले. “मेस्त, मानलं तुमच्या कानांना.”

तोंडावर मातीचे कण पडत होते, कुणाचं तोंड दिसत नव्हतं. म्हणूनच जमलं असेल.

“कान माझे नव्हेत,” मी म्हटलं. “मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. आजवर सगळं तिनेच ऐकलंय.”

मग दारातून बायकोचा आवाज आला, “भायर येवन सांगा. गाडयेखाल कोण ऐकतलो?”

बाहेर आलो, उभा राहिलो आणि पुन्हा सांगितलं. बोलता बोलता माझीच छाती फुगली. त्या बाईंनी तिचा हात हातात घेतला, आणि मला वाटलं, हे बघायला मी उगाच इतकी वर्षं लावली.

पट्टीखाली रबर घालून बोल्ट आवळला. निघण्याआधी रिकाम्या टाकीनिशी त्यांनी इंजिन चालू ठेवलं तेव्हा मी बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली. नाही वाजत.

आता गाडी आली की मी तिच्यासाठी खुर्ची बाहेर आणतो.

“चाय आता तुमी करा,” ती म्हणते. करतो.