ट्रायलचं पाणी

त्र्याहत्तर सालच्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी खालच्या वस्तीतल्या बायकांची विहीर आटली. कपारीतले पारवेसुद्धा निघून गेले. पाऊस नाही हे खरंच. पण उरलेलं पाणी वरच्या मळ्यातल्या इंजिनानं उसासाठी ओढलं.

ते इंजिन परवा बंद पडलं. दुरुस्तीला आलेला मिस्त्री माझ्या ओळखीचा. बोलताना पान्यानं पाठ खाजवतो, नजरेला नजर देत नाही.

"राहू द्या की बंदच!" मी चिडून म्हणालो.

"लई शिकलाय तुमी. मी न्हाई केलं तर काष्टीचा मिस्त्री येईल," म्हणत त्यानं हँडल मारलं. माझं डोकंच फिरलं.

पण पाइप त्यानं बांधापलीकडे वळवला. तिथं वस्तीतल्या बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. निरोप त्यानंच धाडला होता.

"पानी कुठं सोडलंस रं?" मालक ओरडला.

"ट्रायल हाय, मालक. तासभर घ्यावीच लागती."

तासानं पाइप पुन्हा उसात. एवढ्यावर खूश व्हायचं?

बागाईतदारांनो, मिस्त्रीला असली लबाडी करायला लावू नका. आधी वस्तीचे हंडे भरा, मगच उसाला पाणी द्या.