न सांगितलं तर काय धरायचं?

सुमेधच्या बायकोचा, प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी क्रांती चौकात सिग्नलला उभी होते. "सुमेध गेला गं…" एवढंच ती बोलली. झोपेतच त्याचं हृदय थांबलं होतं. त्याला आता काही आठवडे झाले, आणि त्याचं नाव निघालं की मला आधी त्याचं गडगडाटी हसूच ऐकू येतं.

सुमेध खुलताबादजवळच्या गावचा. चिकलठाण्यातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आम्ही शेजारी बसून प्रोग्राम लिहायचो. वापरणाऱ्यानं कमांड टाइप करायची, हव्या तर पुढं सूचना जोडायच्या; नाही जोडल्या तर प्रोग्रामनं स्वतःहून काय धरायचं, म्हणजे डिफॉल्ट, हे आम्ही ठरवून ठेवायचं. बाकीचे ते घाईत उरकत. सुमेध मात्र पेन चावत बसायचा. "जो काय सांगत नाय, त्याच्या बी मनात काहीतरी असतंच की!"

एकदा एका कारखान्यातून तक्रार आली. खोक्यांवरची लेबलं छापणारा आमचा प्रोग्राम, काही सांगितलं नाही तर, दोन लेबलांमध्ये दहा सेकंद थांबायचा. न थांबता छापायचं तर शून्य टाकायचं. आम्ही तिथं गेलो, तर लेबलं छापणारे मुनीरभाई सांगत होते, "मैं ज़ीरो डाला, फिर भी रुकरा!" कुणाचा विश्वास बसेना. बाहेर ट्रक खोळंबलेला, आणि मॅनेजर आमचा प्रोग्रामच काढून टाकायला निघालेले. सुमेध मुनीरभाईंच्या शेजारी स्टूल ओढून बसला, त्यांना पुन्हा शून्य टाकायला लावलं, कोड उघडला… आणि एवढ्या मोठ्यानं हसला की मॅनेजरही दचकले. प्रोग्राम शून्याला रिकामी जागा समजत होता आणि तिथं आपले दहा भरत होता.

"शून्य सांगणं म्हंजे न सांगणं नव्हं," तो म्हणाला. "भाईंनी सांगितलंय ना? मग ऐकायचं!" माणसानं काही सांगितलंय का, एवढंच प्रोग्रामनं आधी बघावं आणि काहीच सांगितलं नसेल तरच दहा धरावेत, अशी एक ओळ त्यानं बदलली. लेबलं सरसर सुटली. मुनीरभाईंनी त्याला मिठी मारली, आणि मॅनेजरांनी सगळ्यांसाठी समोसे मागवले.

परवा प्रज्ञाकडं गेले होते. तिनं त्याचा लॅपटॉप उघडला. नाव टाकलं की त्या माणसाचं कौतुक करणारा एक छोटा प्रोग्राम त्यानं घरच्यांसाठी केला होता. मी माझं नाव टाकायला लागले, तर तिनं माझा हात धरला.

"थांब. काहीच नको टाकू. नुसतं एंटर दाब."

मी दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली : "प्रज्ञा, लई भारी दिसायलीस!"

"रोज सकाळी दाबते मी," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसत सुटलो.