मुंग्यांसाठी पाणी

माझी कादंबरी अडली होती. तिच्यातली मुलगी जुन्या विहिरीवरची फळी उचलणार होती, पण खाली काय निघेल हे मलाच सुचत नव्हतं. खिडकीतून पाहिलं, तर शेजारची सई वारुळाजवळ बाटलीच्या झाकणात पाणी ओतत होती. मी खाली गेले.

"मुंग्यांना तहान लागते का गं?"

"माहीत नाही. म्हणून तर ठेवलंय."

मी तिच्याशेजारी उकिडवी बसले. इतकी वर्षं मुलांसाठी लिहितेय, पण पुढचं ठाऊक असल्याशिवाय कधी एक ओळ लिहिली नाही. माहीत नाही म्हणूनच लिहून पाहावं, हे मनातच आलं नव्हतं.

एक मुंगी झाकणाच्या काठावर चढली आणि थबकली.

"आता काय करेल?" मी विचारलं.

"काकू, बघा ना," सई कुजबुजली.