यमुनेचा बत्ता

धाकट्या मुलाचा दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी कोळशाचा चुरा चाळत होतो. "अण्णा, आई गेली," एवढंच म्हणाला. मी चाळण भिंतीवर आपटली, मग पायानं तुडवली. तार पायात घुसली, रक्त आलं. मला राग आला की आधी हात उठतो नाहीतर पाय, हे घरात सगळ्यांना ठाऊक. सगळ्यात जास्त ठाऊक होतं ते माझ्या बायकोला, यमुनेला... तिला जाऊन आता दीड महिना झाला.

खडकवासल्याकडचं आमचं गाव पुणे महापालिकेत गेलं, तरी दहाव्याला माणसं जमतात. शेजारच्या मळ्यातला बाळू उठून म्हणाला, "काळा युरिया शोधून काढणारे आमचे अण्णा आणि त्यांना जन्मभर साथ देणारी वहिनी, असा जोडा आता व्हायचा नाही." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. ते खोटं होतं आणि बाळूला ते माहीत होतं. म्हणून चौथी शिकलेला मी हे लिहायला बसलोय. नातीनं शुद्धलेखन तेवढं बघितलंय, मजकुराला हात लावायचा नाही असं तिला बजावलंय.

यमुनेचे वडील मुळशीच्या डोंगरात कोळसा पाडायचे. आमच्या पालकाच्या रानाकडेला आम्हीही पत्र्याच्या पिंपात तोडलेल्या फांद्यांचा कोळसा करायचो. अख्खा कोळसा इस्त्रीवाले न्यायचे. खाली चुरा उरायचा आणि धुराच्या नळीतून तपकिरी, आंबट पाणी ठिबकायचं. मी दोन्ही फेकायचो. ती चुरा कुटायची, आंबट पाण्यानं ओला करायची, त्यात युरिया घोळून सावलीत वाळवायची. म्हणायची, "नुसता युरिया टाकला की थोडा पाण्याबरोबर पळतो, थोडा हवेत उडतो. कोळसा त्याला धरून ठेवतो, जरा जरा सोडतो. माहेरी जुन्या भट्टीच्या जागेवर भाजी कशी हिरवी राहायची, बघितलंय मी." मी म्हणायचो, "तुझ्या बापानं कोळसा पाडला. शेती मला शिकवू नकोस."

एकदा ती लग्नाला माहेरी गेली. तिनं केलेलं खत संपलं होतं. मला वाटलं, त्यात काय एवढं, भट्टीतलंच तर घालायचंय. मी भट्टीतली राख पिंपात ओतली, वर अख्खी गोण युरिया. आंबट पाण्याचा वास मला सोसत नसे, म्हणून शेणाचं पाणी शिंपडलं आणि झाकण ठोकलं. ती परत आली त्या दिवशी बाळू आला होता. त्याच्यासमोर ऐटीत झाकण उघडलं... आणि असा भपकारा आला की डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं. बाळू खोकत खोकत हसला. "अण्णा, खत केलंय का अश्रुधूर?"

"अहो, राख घातलीत का?" यमुना धावत आली. "राखेनं युरिया उडून जातो. त्याला आंबट पाणीच..."

पुढचं मी तिला बोलू दिलं नाही. फावड्याचा दांडा पडला होता, तो उचलला. पहिला फटका पाठीत घातला. दुसऱ्याला तिनं उजवा हात आडवा धरला. हाड मोडल्याचा आवाज बाळूनंही ऐकला. त्याचं हसणं थांबलं, पण तो पुढे आला नाही. तोंड फिरवून आपल्या मळ्यात निघून गेला. दवाखान्यात यमुनेनं सांगितलं, पाटात घसरले. मनगट वाकडंच जुळलं.

पुढे ती डाव्या हातानं कुटू लागली. माझ्याशी बोलायची नाही. शेजारशेजारच्या दोन वाफ्यांत तिनं पालक लावला. एकात माझा नुसता युरिया, दुसऱ्यात तिचा काळा, तोही निम्माच. दुसऱ्या कापणीला माझा वाफा पिवळा पडला, तिचा काळपट हिरवा उभा. मी ते बघितलं. पुढच्या खेपेला सगळ्या रानात तिचंच खत टाकलं. लोक विचारायला यायचे, मी ओट्यावर बसून सांगायचो, ती आत डाव्या हातानं चहा गाळायची. 'अण्णांचा काळा युरिया' म्हणू लागले. एकदा ती म्हणाली, "हात गेला तो गेला. पण हे माझं आहे, एवढं एकदा तरी कुणाला सांगा." मी म्हटलं, "लोकांना काय करायचंय?" ती शेवटची दवाखान्यात होती तेव्हा, हे तुझंच आहे, एवढं तिला सांगायला म्हणून गेलो आणि पाटाला पाणी सुटल्याचं बोलून परत आलो...

गेल्या आठवड्यात एक शेतकरी काळ्या युरियाची माहिती विचारत आला. म्हटलं, "ही पद्धत माझ्या बायकोची. आणि तिचा हात मी मोडला." त्यानं अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठून गेला.

मग मी खल पुढे ओढला आणि डाव्या हातानं कुटायला बसलो. बत्ता घसरू नये म्हणून यमुनेनं त्याला लुगड्याची चिंधी गुंडाळली होती. तिच्या बोटांच्या खाचा तीत तशाच आहेत. माझी बोटं त्यात बसत नाहीत.