गौलीगुड्यातली भरली वांगी

छत्तीस वर्षांच्या नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले आणि बरेचसे विसरलोही. ही घटना मात्र कालची वाटते, कारण तिच्यातली एक मोठी चूक माझी होती.

शहराच्या जुन्या भागातल्या एका ठाण्याचा मी इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी चालली असताना सरकारी दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. गौलीगुड्याच्या एकाच गल्लीतले तीन रुग्ण आले होते. एक मराठी गृहस्थ आणि त्यांचे शेजारी, तेलुगू नवराबायको. पापण्या मिटत चाललेल्या, एकाचे दोन दिसतात, जीभ जड, श्वास मंदावलेला.

"बॉट्युलिझमची शंका आहे," त्या म्हणाल्या. "अन्नात तयार होणारं विष. औषध बाहेरून मागवलंय. पण ते कशातून गेलं हे आजच शोधा. तेच अन्न आणखी कुणाच्या ताटात पडलं तर मी काय करू?"

पाठोपाठ वरिष्ठांचा फोन. हे विष घातपातासाठीही वापरलं जाऊ शकतं, म्हणून पांढरे संरक्षक पोशाख आणि मुखवटे चढवून आम्ही अशा हल्ल्याची रंगीत तालीम केलेली होती. "हल्ला आहे का?" त्यांनी विचारलं. "संध्याकाळपर्यंत सांगतो, सर," मी म्हणालो आणि निघालो.

तिघेही शनिवारी दुपारी त्या मराठी घरी एकत्र जेवले होते. वाढणारी घरची बाई मात्र ठणठणीत. शनिवारचा उपास होता, म्हणाली. नवरा आजारी, पाहुणे आजारी आणि ही धडधाकट! माझं पोलिसी डोकं लगेच चालू लागलं. बुटांसकट स्वयंपाकघरात उभा राहून मी विचारलं, "नवऱ्याशी भांडण होतं का? खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागू शकतो, बाई."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "भरली वांगी, पोळ्या, वरण-भात. सगळं सकाळी ताजं केलं होतं, साहेब." तीनदा विचारलं, तीनदा अक्षरशः तेच उत्तर. तोच जबाब लिहून घेतला.

मग आम्ही भाजीवाला, तेलाचं दुकान, शेंगदाण्याचं पोतं यांच्यामागे लागलो. नमुने घेतले, पंचनामे केले. भाजीवाला दिवसभर ठाण्यात बसून हात जोडत होता. त्याची इतर गिऱ्हाइकं ठणठणीत होती. दुपारी डॉक्टरीणबाई वैतागून म्हणाल्या, "ताज्या भाजीत हे होत नाही हो. अन्न हवाबंद राहावं लागतं, काही दिवस जावे लागतात."

म्हणजे बाई खोटं बोलत होती. माझ्याबरोबरची महिला कॉन्स्टेबल आमच्याकडच्या दखनी हिंदीत म्हणाली, "साब, अम्मा कुछ तो भी छुपारी. पन डर से नक्को समझो, शरम से छुपारी."

मी परत गेलो. बूट बाहेर काढले आणि जमिनीवर बसलो. दाराजवळ खिळ्याला प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा लटकत होता.

"ताई, मुलं बाहेर असतात का?"

"हौ. लेक. पंधरा दिवस झाले अमेरिकेला जाऊन."

"सामान किती जास्त भरलं?"

"अडीच किलो," ती पटकन म्हणाली आणि तिने पदर तोंडाशी धरला.

मग सगळं बाहेर आलं. लेकीसाठी भरली वांगी करून सुलतान बाजारातल्या एका दुकानातून चार हवाबंद पाकिटं करून आणली होती. विमानतळावर वजन जास्त झालं म्हणून दोन पाकिटं काढावी लागली. हवा काढली की महिनाभर टिकतं, या समजुतीने ती फळीवरच राहिली. शेजाऱ्यांनी आपल्या गाडीतून लेकीला सोडलं होतं, त्यांना जेवायला बोलावलं. पाकिटं फोडून भाजी वरवर गरम केली.

"टाकायला जीव होईना, साहेब. पन पाहुण्याला पंधरा दिवसांचं शिळं वाढलं, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

"बाकीची दोन पाकिटं?" मी विचारलं. तिने झटकन मोबाइल उचलून लेकीला फोन लावला.

अमेरिकेत पहाट होती. दोनदा फोन वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा झोपेतला आवाज आला, "आई? बाबा बरे आहेत ना?"

दारात शेजाऱ्यांचा मुलगा उभा होता. त्याचे आईवडील दोघेही तेव्हा कृत्रिम श्वासावर होते. मी फोनसाठी हात पुढे केला, पण तिने दिला नाही. त्या मुलाकडे बघत ती मोठ्याने म्हणाली, "वांग्याला हात लावू नको, बेटा. मी सगळ्यांना शिळं वाढलं. बाबा आणि अंकल-आंटी त्याच्यानंच दवाखान्यात आहेत."

पलीकडून लेक म्हणाली, "एक पाकीट आजच्या डब्यासाठी बाहेर काढून ठेवलंय, आई."

घरामागच्या कचऱ्यात रिकामी पाकिटं सापडली आणि प्रयोगशाळेने विषावर शिक्कामोर्तब केलं. हल्ला नाही, असं मी वरिष्ठांना कळवलं. भाजीवाल्याची माफी मागून त्याला घरी पाठवलं. तिघेही वाचले. शेजारीणबाईंना स्वतःच्या पायांवर उभं राहायला दोन महिने लागले.

उद्या कुणी खरोखरच असं विष पेरलं, तरी पहिलं काम हेच राहणार: कोण काय जेवलं, हे लवकर आणि खरं कळणं. पोशाख आणि मुखवटे आमच्याकडे होते. घाबरलेल्या माणसाला बोलतं करण्याची तालीम कुणी केली नव्हती. पहिल्याच मिनिटाला खुनाचं नाव काढून त्या बाईचं तोंड मी बंद केलं आणि सहा तास घालवले. आणखी थोडा वेळ गेला असता तर ती पोरगी डबा उघडून बसली असती.