कोलशेत ते मोहने: आजीला वॉर्डात घ्या

मोहन्याला जायचं ठरलं ते सुनेच्या फोनवर आलेल्या निरोपामुळे. तिथल्या एका इस्पितळात लहान मुलांवरचे उपचार आणखी चांगले कसे होतील यावर संशोधन चाललंय. वॉर्डात राहून गेलेल्या मुलांच्या आयांना बोलावलेलं. सुनेला सुट्टी नाय. म्हटलं, मी जाते. ती म्हणाली, "आई, तिथे भांडू नका." मी काय शब्द दिला नाय.

माझी नात आर्वी, पाच वर्षांची, तिला दमा. आईबाप कामाला, पोर माझ्यापाशीच जेवते, निजते. गेल्या थंडीत मोहन्याला लेकीच्या घरी हळदीला गेलेलो. तिथल्या धुराने आर्वीला धाप लागली. इस्पितळात सिस्टर म्हणाली, आत फक्त आई. आई तर ठाण्यात कामावर. मी दाराबाहेर, आणि आत दोघी सिस्टरनी हात धरून तिच्या तोंडावर वाफेचा मास्क दाबलेला. तेव्हापासून घरी वाफ द्यायला मास्क बाहेर काढला की पोर खाटेखाली. धाप लागलेल्या पोरीला खाटेखालून ओढायचं म्हणजे काय, ते मला विचारा.

आता रस्ता सांगते. कोलशेतहून रिक्षाने माजिवडा, तिथून भिवंडी बायपासने कल्याणची बस. लवकर निघा, नायतर कंटेनरच्या मागे केस पिकतील. माझे आधीच पिकलेत म्हणून निभावलं. दुर्गाडीच्या पुलावर खाडीचा वारा छान लागतो, खिडकी पकडा. कल्याणहून मोहन्याला शेअर रिक्षा. खायला घरून न्या. मी तांदळाची भाकर आणि जवळ्याची चटणी नेलेली. इस्पितळासमोर चहा बरा, वडा कालचा.

दारात एक मुलगी उभी. "आजी, ही बैठक आयांची आहे. तुम्ही बाहेर बसा."

"गेल्या खेपेला बाहेरच बसलेली. आता सरक."

सरकली.

आत बाया खुर्च्यांवर, बाजूला रिकामी खाट. तरुण डॉक्टर विचारत होता, काय आवडलं, काय नाय. बाया म्हणत होत्या, सगळं चांगलं. माझी पाळी आली. मी म्हटलं, "डॉक्टर, तू झोप त्या खाटेवर."

तो हसला, पण झोपला. दोन बायांना त्याचे हात धरायला लावले. कपाटातला नवा मास्क त्यानेच मघाशी बायांना दाखवलेला, तो मी न सांगता त्याच्या नाकातोंडावर दाबला. त्याने हिसका देऊन हात सोडवला आणि मास्क उडवला.

"तुला तर धापही लागली नव्हती," मी म्हटलं.

केस सारखे करत तो उठून बसला. "आजी, पटलं. पण रात्री एकच सिस्टर असते कधीकधी. नातेवाईकांची गर्दी झाली तर काम कसं करायचं? जंतूंचाही धोका असतो."

"गर्दी कोण मागतंय? एक माणूस. पोर ज्याचं ऐकतं तो. हात धुवून येईन, तोंड बांधून येईन. सिस्टर एकटी असते म्हणूनच म्हणते, पोर मला धरू दे."

कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, "आमचा तर पप्पांशिवाय गोळी पण घेत नाय. त्यांनाही बाहेर काढलेलं." मग सगळ्यांनाच कंठ फुटला.

शेवटी डॉक्टर म्हणाला, "काही महिने तसं करून बघू. मुलं कमी घाबरली का, उपचार लवकर सुरू झाले का, ते तपासू. नियम कायमचा बदलेल असा शब्द देत नाही. तोवर नातीला बरी असताना घेऊन या, मास्क हाताळू द्या तिला."

"आणेन. पण तुझं तपासून होईपर्यंत तिची धाप थांबणार नाय, हे पण लिहून ठेव."

संध्याकाळी घरी पोचले. कंबर धरलेली, डोकं मात्र शांत. काही महिन्यांपुरतं तरी आपलं ऐकलं, एवढंच घेऊन आले. आर्वीला म्हटलं, रविवारी मोहन्याला जायचंय, मास्क बघायला.

तिने जरा विचार केला. "तुला आत सोडतील?"

"करून बघू म्हणाले."

"आणि नाय सोडलं तर?"

"आपण विचारायला थांबायचंच नाय. तू माझा पदर धर आणि चाल."