दसऱ्यानंतरची तारीख

धर्मराजने यंदा खंडेनवमीला स्क्रूड्रायव्हर पूजेला मांडलेच नाहीत. पंचवीस वर्षं पनवेलभर लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. हत्यारं पुजली की वर्षभर चालवावी लागतात, आणि त्याला तर आता हे काम सोडायचं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी विचुंब्याहून दमयंतीबाईंचा फोन आला. त्या घराच्या पुढच्या खोलीत लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देत. वायफाय जोडलेलं दिसतंय, पण एकही साइट उघडत नाही, अशी त्यांची तक्रार. कपाळाला आठ्या घालून धर्मराज गेला.

दारात मंगळी बसली होती, डोंगराकडच्या वाडीवरची. तिच्या प्राजक्ताचा नर्सिंगचा फॉर्म आज पाचच्या आत जायला हवा होता. नाहीतर दिवाळीनंतर पोरगीही आईबरोबर वीटभट्टीवर.

धर्मराजने राउटर बंद करून चालू केला, सेटिंग्ज उलटसुलट केल्या. चार वाजून गेले. त्याच वायफायवर बाईंचा मोबाइल मात्र झकास चालत होता; फक्त त्यावरून दाखले चढत नव्हते. म्हणजे दोष कॉम्प्युटरातच, हे त्याला आल्याआल्या कळायला हवं होतं. थकलेल्या माणसाला समोरचंही दिसत नाही.

मग त्याला कीबोर्डवरचं हळदकुंकू दिसलं. पूजेसाठी कॉम्प्युटर बंद केला होता का, असं त्याने विचारलं. बाईंनी नवमीला प्लग काढून तो पुसला होता, झेंडू वाहिला होता आणि दोन दिवस हात लावला नव्हता. आज घड्याळ चुकलेलं दिसलं, तेही त्यांनी लगेच नीट केलं होतं.

"वेळ नीट केलीत, बाई. तारीख पाहिलीत का?"

तारीख दहा वर्षांपूर्वीची होती. आतली बारकी बॅटरी संपलेली, त्यामुळे प्लग काढताच कॉम्प्युटर दिवस विसरला होता. सुरक्षेच्या तपासणीत तारीख जुळेना म्हणून साइट उघडेनात. धर्मराजने ती बदलली आणि पाचला सात मिनिटं कमी असताना फॉर्म गेला.

मंगळीचे डोळे भरून आले. तिने पिशवीतून आपट्याची पानं काढली.

"दादा, बाजारात इकून उरलीत. कालची हायत, पन सोनंच हाय. घ्या."

नाही म्हणवेना. त्याने पानं हत्यारांच्या पिशवीत टाकली. घरी येऊन पिशवी उघडली, तर पानं नेमकी स्क्रूड्रायव्हरवर पडलेली. झाली पूजा. आता वर्षभर सुटका नाही, असं पुटपुटत त्याने दमयंतीबाईंसाठी नवी बॅटरी शोधायला घेतली.